सव्वादोन किलोंची पाटी आणि पंधरा क्विंटल हवा



आजचा लेख पाठाचाच आहे, पण हा पाठ मी शिकवला नाही, मला शिकायला लागला. आणि तो शिकायला मला तीन प्रयत्न लागले. घरातल्या घरात, व्हॅक्यूम पंप लावून, कार्बन फायबरची एक लिहायची पाटी मी केली. "मॅडम, तुम्ही आणि कार्बन फायबर?" असं आमच्या केंद्रातल्या सगळ्यांनी विचारून झालं आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

माझी शाळा अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. घर अमरावतीला. बडनेऱ्याहून रोजचं जाणं-येणं. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. तेव्हा तो तिसरीत होता, आता चौथीत आहे. त्याच्या स्नायूंमधली ताकद कमी आहे, त्यामुळे तो व्हीलचेअरवर बसतो. डोकं तल्लख, पाढे तोंडपाठ. चेअरवर बसून त्याला वही ठेवायला जागा नव्हती, म्हणून मीच गावातल्या सुताराकडून प्लायवूडची एक पाटी करून घेतली. दोन्ही हातांवर बसणारी, खाली लोखंडी पट्ट्या. मला वाटलं, मोठं काम झालं.

दीड महिन्यांनी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, घरून बाटली भरून देतो मी, संध्याकाळी भरेलच वापस येते. पोट्टा पाणीच पेत नाही."

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. आधी बोलेना. मग खाली बघत म्हणाला, "पाणी पेलं का मग लघवीले जा लागते. थे पाटी कोनाले तरी काढा लागते ना मॅडम. सगळे पाहतात."

आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात नऊ वर्षांचं लेकरू तहान मारून बसत होतं, कारण मी दिलेली पाटी त्याला स्वतःला उचलता येत नव्हती. किराणा दुकानाच्या काट्यावर ती पाटी ठेवली. सव्वादोन किलो.

हलकी पाटी कुठून आणायची?

बाजारातली प्लास्टिकची ट्रे लावून पाहिली. हलकी होती, पण तो दोन्ही कोपर टेकवून अंग सावरतो, तेव्हा ती मधून वाकायची. हलकी पण हवी आणि ताठ पण हवी, इथे गाडी अडली.

१५ ऑक्टोबर आला. डॉ. कलामांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. वर्गात मी कलामांचा एक प्रसंग सांगितला, तो त्यांनी स्वतः अनेक भाषणांत सांगितला आहे. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधले एक अस्थिरोगतज्ज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत आले. क्षेपणास्त्रासाठी तयार केलेला हलका पदार्थ त्यांनी हातात उचलून पाहिला आणि कलामांना आपल्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथे लहान मुलं तीन किलोंहून जड धातूचे कॅलिपर पायात घालून, पाय ओढत चालत होती. कलामांच्या चमूने तीन आठवड्यांत सुमारे ३०० ग्रॅमचे कॅलिपर करून दिले. मुलं पळू लागली, आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं.

गोष्ट संपली. मागून आवाज आला, "मॅडम, तसल्याची पाटी होत नाही का?"

मी म्हटलं, पाहू. शिक्षकाने "पाहू" म्हटलं की मुलं ते विसरत नाहीत.

कार्बन फायबर म्हणजे काय?

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला असताना त्यांच्या मुलांनी स्पर्धेसाठी एक छोटी गाडी केली होती. तिच्या बॉडीचं उरलेलं कार्बन कापड त्याच्याकडे गुंडाळून पडलं होतं. त्याने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

कार्बन फायबर म्हणजे कोळशाचा धागा. ऐकायला नवल वाटेल, पण आपण वऱ्हाडातली माणसं या धाग्याचे जुने नातेवाईक आहोत. १८७९ मध्ये एडिसनने दिव्यात जी तार वापरली ती जाळून कार्बन केलेली सुती दोऱ्याची होती. पुढच्या वर्षी त्याने बांबूच्या तंतूची केली. कापूस आपल्या शेतात, बांबू आपल्या मेळघाटात! ते धागे दिव्यापुरतेच, नाजूक होते. मजबूत कार्बन धागे १९५० नंतरच्या संशोधनातून आले. आज बहुतेक कार्बन फायबर ज्या रसायनापासून बनतं, त्याच्याच कुटुंबातलं आपलं अ‍ॅक्रेलिकचं स्वेटर आहे. तो धागा आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवतात. बाकी सगळं निघून जातं, कार्बन उरतो. एकेक तंतू केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा बारीक.

पण नुसतं कापड मऊच असतं, साडीसारखं पडतं. त्यात इपॉक्सी रेझिन मुरवायचं, ते साच्यावर घट्ट झालं की ताठ वस्तू तयार. घराच्या स्लॅबमध्ये सळई आणि सिमेंट असतं तसं. ओढ धागा सोसतो, धाग्याला जागेवर रेझिन धरून ठेवतं. बोइंग ७८७ या विमानाचं निम्मं वजन अशाच पदार्थांचं आहे, आणि त्या विमानाच्या फरशीखालच्या तुळया आपल्या नागपूरला, मिहानमध्ये, टाटांच्या कारखान्यात बनल्या आहेत. मुलांना हे सांगितलं तेव्हा नकाशात नागपूर आणि मूर्तिजापूर यांच्यात किती बोटं अंतर आहे ते त्यांनी मोजलं.

पिशवी आणि हवा

आता मुख्य गंमत. कापड आणि रेझिन साच्यावर नीट दाबून बसवलं नाही तर आत हवेचे बुडबुडे राहतात. जास्तीचं रेझिनही राहतं, वजन वाढतं. मग दाबायचं कशाने? वर विटा ठेवल्या तर विटेखाली दाब, बाकी ठिकाणी नाही. कडांना, कोपऱ्यांना तर वीट पोचतच नाही.

उत्तर आहे हवा. सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी घालायची, कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि आतली हवा पंपाने ओढून घ्यायची. बाहेरची हवा पिशवीला सगळीकडून सारखी दाबते. पंप आमच्या गल्लीतल्या फ्रिजवाल्या दादांनी दिला. फ्रिजमध्ये गॅस भरण्याआधी ते ज्याने "व्हॅक्यूम मारतात" तोच. त्यावर मीटरही होतं. मीटरवरून हिशेब केला तर दर चौरस सेंटिमीटरवर साधारण साडेआठशे ग्रॅम दाब येत होता. पाटी ५० बाय ३५ सेंटिमीटर, म्हणजे १७५० चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा. जवळपास १५०० किलो, पंधरा क्विंटल! एका पाटीवर पंधरा क्विंटल कापूस रचल्यासारखं, आणि डोळ्यांना दिसत काहीच नाही.

वर्गात लगेच प्रश्न आला, "मग टेबल काऊन मोडत नाही?" कारण टेबलाच्या खालीही हवा आहे, ती तेवढ्याच जोराने वर ढकलते. हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी दोनदा शाबासकी दिली, कारण मला स्वतःला तो सुचला नव्हता.

थर कसे लावतात ते थोडक्यात:

१. सनमायका लावलेल्या फळीचा साचा. कडेला उभी पट्टी, आणि आतल्या कोपऱ्यात गाडीच्या डेंटिंगला वापरतात ती लांबी भरून बोटाएवढी गोलाई. धागा काटकोनात वळत नाही, कोपरा पोकळ राहतो.
२. साच्यावर मेणाचे चार-पाच हात. नाहीतर वस्तू साच्यालाच चिकटते.
३. रेझिन लावलेलं कापड, मध्ये हलका गाभा, पुन्हा कापड.
४. त्यावर नायलॉनचं सोलून काढता येणारं कापड, मग बारीक छिद्रांचं प्लास्टिक, मग रजईत भरतात तो पॉलिस्टरचा थर. जास्तीचं रेझिन तो शोषतो आणि हवेला पंपापर्यंत वाटही देतो.
५. सगळ्यात वर पिशवी. मग पंप.

मधला गाभा कशाला? ज्वारीचा धांडा मोडून पाहा. बाहेर कडक साल, आत हलकं भेंड. तेवढ्या वजनाची सगळी साल एकत्र दाबून काडी केली असती तर ती कणसाचा भार पेलून उभी राहिली नसती. दोन कडक थर एकमेकांपासून लांब धरून ठेवायचं काम भेंड करतं. आमच्या मुलांनी धांड्याच्या बैलगाड्या केलेल्या असल्याने हे त्यांना एका वाक्यात समजलं.

पहिला प्रयत्न: धूर

दिवाळीच्या सुट्टीत घराच्या मागच्या खोलीत काम मांडलं. मी सगळं रेझिन आणि हार्डनर एकाच डब्यात एकदम कालवलं आणि कापड कापायला बसले. दहा-बारा मिनिटांत डबा हाताला चटका देऊ लागला, मग त्यातून धूर! रेझिन घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतं. डब्यात ती उष्णता कोंडते, त्यामुळे ते आणखी वेगाने तापतं. डबा अंगणात नेऊन ठेवला. उरलेल्या सामानात पुन्हा थोडं-थोडं कालवलं, या वेळी पसरट ट्रेमध्ये.

पंप सुरू झाला, पण मीटर चढेना. कुठून तरी हवा शिरत होती. मी आणि भाऊ कान लावून बसलो, काही ऐकू येईना. सासूबाई आल्या, क्षणभर थांबल्या, म्हणाल्या, "इकडून कुकरसारखी शिट्टी येऊन राहिली." त्यांचं बोट बरोबर गळतीवर होतं. चाळीस वर्षं कुकरची रिंग सांभाळलेले कान ते!

सकाळी पिशवी उघडली. गाभ्याला मी साधा थर्माकोल वापरला होता. पंधरा क्विंटलखाली त्याचा पापड झाला होता. पाटी वाकडी, कामातून गेलेली.

दुसरा प्रयत्न: सुंदर आणि चुकीची

संक्रांतीच्या सुमारास पुन्हा केली. गाभ्याला भावाने कडक फोमचा तुकडा मिळवून दिला. या वेळी पाटी आरशासारखी निघाली. काळीभोर, विणकाम चमकणारं. वजन क्लिपांसह ४०० ग्रॅमच्या आसपास. शाळेत सगळ्यांनी हात लावून पाहिली. मी फोटो काढले, स्टेटसला ठेवले.

बाटली मात्र भरलेलीच परत जात राहिली.

महिनाभराने मला कळलं. क्लिपा मी उजव्या बाजूला बसवल्या होत्या, आणि त्याचा जरा तरी बळ असलेला हात डावा आहे. तो डाव्या हाताने लिहितो. हे मी रोज पाहत होते. पाटी तो अजूनही दुसऱ्याकडूनच काढून घेत होता. मी विचारलं, "अरे, मला सांगितलं का नाहीस?" म्हणाला, "तुमी एवढी मेहनत केली ना मॅडम."

शिक्षक मित्रांनो, या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं धुराने नाही लागलं. त्याच्यासाठी वस्तू करताना मी साच्याचं माप घेतलं, चेअरचं माप घेतलं, पुस्तकातून दाब शिकले. त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा, तुझा हात कुठपर्यंत पोचतो? मी त्याला मदत केली खरी, आणि त्या मदतीचं ओझं त्याच्यावर टाकलं.

त्यात भर म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी चेअर दुपारी मैदानात राहिली. काळी पाटी उन्हात इतकी तापली की कड पिळली, क्लिप लागेना. थंडीत घट्ट झालेलं रेझिन पूर्ण पक्कं झालेलंच नव्हतं. असं रेझिन पन्नास-साठ अंशांनाच नरम पडू शकतं.

तिसरा प्रयत्न: आधी विचारलं

या वेळी काम पुठ्ठ्यापासून सुरू केलं. पुठ्ठ्याची पाटी चेअरवर ठेवली आणि त्याच्या हातात खडू दिला. "तुझा कोपर कुठे टेकतो तिथे खूण कर. तुझी बोटं कुठे आरामात पोचतात तिथे खूण कर. बाटली कुठे पाहिजे?" त्याने सगळ्या खुणा केल्या. कोपर मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच मागे, कडेजवळ होते. आणि त्याला क्लिप नकोच होती, त्याला पाटी पुढे सरकवायची होती. उचलायला ताकद लागते, सरकवायला कमी. हे मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नसतं.

मे महिन्याच्या सुट्टीत, पहाटे साडेचारला रेझिन कालवलं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हे काम दिवसा करायची सोयच नाही. कोपरांच्या खुणांखाली कापडाचे दोन जादा तुकडे लावले, त्यातला एक तिरपा, कारण धागा आपल्या लांबीच्या दिशेनेच बळ देतो आणि कोपराचा भार नेमका तिरपा येतो. बाकी ठिकाणी जादा काही नाही.

आणि ज्या उन्हाने दुसरी पाटी बिघडवली त्यालाच कामाला लावलं. पाटी साच्यावरच ठेवून, काळ्या रंगवलेल्या पत्र्याच्या पेटीत घालून गच्चीवर ठेवली. आत थर्मामीटर. पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग हळूहळू जास्त, साठ-पासष्ट अंशांपर्यंत. अशी सावकाश भाजलेली पाटी नंतर तेवढ्या उन्हाला दाद देत नाही. वजन ४२० ग्रॅम. दुसरीपेक्षा थोडं जास्त, आणि दिसायला तिच्यापेक्षा कमीच. एका कोपऱ्यात सुरकुती आहे.

जूनअखेर शाळा उघडली. दुसऱ्या दिवशी लहान सुट्टी व्हायच्या आधीच त्याने डाव्या हाताने पाटी सरकवली, चेअर वळवली आणि निघाला. शाळेचा रॅम्प आहे, स्वच्छतागृहात पकडायला दांडा आहे, त्याचा एक मित्र दारापर्यंत जातो. वर्गात कोणी वर पाहिलंही नाही. मीही फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. त्या आठवड्यात आईने निरोप पाठवला, बाटली रिकामी येते म्हणून.

एक गोष्ट लपवत नाही. त्याच्या आजारात स्नायूंची ताकद वयाबरोबर कमी होत जाते, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं आहे. आज सरकते ती पाटी उद्याही सरकेल, असं मी म्हणू शकत नाही. तेव्हा पुन्हा पुठ्ठा घेऊ, पुन्हा खडू त्याच्या हातात देऊ.

वर्गात करून बघा

कृपया लक्षात घ्या: रेझिन आणि कार्बन कापडाचं काम मुलांसोबत करू नका. हार्डनरने त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते, हातमोजे हवेत, खोली मोकळी हवी. कापताना-घासताना उडणारी भुकटी अंगाला खाजते, नाकात जाते, आणि ती वीजवाहक असल्याने स्विचबोर्डापासूनही लांब ठेवावी लागते. मी मास्क लावून, पाणी मारत घासलं. शरीराला आधार देणारी साधनं, म्हणजे कॅलिपर वगैरे, तर घरी करूच नयेत, ती तज्ज्ञांकडूनच घ्यावीत. मी केली ती फक्त पाटी. पण यातलं विज्ञान वर्गात बिनखर्चात शिकवता येतं:

• पिशवी आणि बादली: हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून, तोंड वर ठेवून, हात बादलीतल्या पाण्यात घाला. पिशवी हाताला सगळीकडून चिकटते. "सगळीकडून सारखा दाब" मुलांना बोटांना जाणवतो. पिशवी फक्त हातातच, डोक्यात नाही, हे आधी बजावा.

• वर्तमानपत्र फाडा: एकदा उभं, एकदा आडवं. एका दिशेने सरळ फाटतं, दुसरीकडे वेडंवाकडं. धाग्याची दिशा समजते.

• कागदाची थाळी: स्टीलच्या ताटलीला तेलाचा हात लावा, त्यावर कागदाच्या पट्ट्या खळ लावून बसवा. एका गटाने सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने लावायच्या, दुसऱ्याने आडव्या-उभ्या. वाळल्यावर खडे ठेवून कोणती आधी वाकते ते पाहा.

पालकांना एकच विनंती. लेकरू डबा परत आणत असेल, बाटली परत आणत असेल, तर रागावण्याआधी शाळेला कळवा. त्या माउलीने कळवलं नसतं तर मी आजही प्लायवूडच्या पाटीवर खूश असते.

तुमच्या वर्गात अशी एखादी "मदत" असेल, जी आपण मोठ्या मनाने दिली आणि मूल निमूट सहन करतंय, तर उद्याच त्याला विचारा आणि काय कळलं ते मला जरूर लिहा.